जुनी पिकअप नेमकी कुठे वाजते?



ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षे चाललेली पिकअप उभी आहे, त्यांना आजचा विषय समजावून सांगायला नको. गाडी एका चावीत उठते, माल ओढते, डिझेलही माफक खाते. पण कुठेतरी वाजते. कधी वाजते, कधी वाजत नाही. बाजाराच्या वाटेवर वाजते आणि मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली की गुपचूप बसते. मिस्त्री एक चक्कर मारून येतो, डोके खाजवतो आणि अंदाजाने एक बेअरिंग बदलतो. आवाज राहतो. मग दुसरे बदलतो. आवाज राहतोच, आणि टोमॅटोच्या दोन खेपांचे पैसे मात्र गेलेले असतात.

यात मिस्त्रीचा दोष थोडा आणि आपला जास्त. आपण त्याला जाऊन सांगतो, "मागून घर्रघर्र येतंय, बघ जरा." मागून म्हणजे कुठून? येतंय म्हणजे केव्हा? हे सांगत नाही, कारण आपण ते पाहिलेलेच नसते. गाडी रोज चालवणारे आपण, तिच्यात रोज बसणारी आपली माणसे. मिस्त्रीला ती पाव तास मिळते. तेव्हा निम्मी तपासणी घरीच व्हायला हवी, आणि ती होऊ शकते. तिला हत्यारेही फार लागत नाहीत. लागतो तो खडू, एक वही आणि थोडा धीर.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या की आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो असतो असे नाही. पिकअपचा चासी म्हणजे पुढून मागेपर्यंत गेलेल्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. शेतातल्या लोखंडी पाइपाच्या एका टोकाला कोणी हातोडी मारली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला, तर मारणारा शेजारी बसल्यासारखा वाटतो. गाडीतही तसेच होते. मागच्या पाट्याच्या बुशाचा आवाज सीटखाली ऐकू येतो आणि सायलेन्सरचा सैल पट्टा डिफरेन्शियलमध्ये वाजल्यासारखा वाटतो. म्हणून "कुठे" हा प्रश्न शेवटी. आधी "केव्हा" विचारायचे. उभी असताना की चालताना? रिकामी असताना की भरल्यावर? वळताना, ब्रेक दाबताना, पाय उचलल्यावर, की खड्ड्यात? या प्रश्नांची उत्तरे मिळत गेली की जागा आपोआप आकसत जाते.

पण त्याच्याही आधी गाडी रिकामी करा. अगदी झाडून. टपावरची ताडपत्री, दोर, सीटमागचा जॅक, टॉमी, पाने, पाण्याचा कॅन, सगळे खाली. जुन्या गाडीतले निम्मे गूढ आवाज इथेच सुटतात. फाळक्याच्या साखळ्या चिंध्या गुंडाळून बांधा. चासीखाली टांगलेली स्टेपनी हाताने हलवून पाहा. तिची साखळी सैल झाली की प्रत्येक खड्ड्यात असा धक्का देते, की मालकाला वाटावे पाटा तुटला. दोराचे मोकळे टोक वाऱ्याने हौद्यावर आपटत असेल, तर ठराविक वेगालाच तडतड वाजते आणि वेग कमी केला की थांबते. अशा आवाजापायी कोणी गिअरबॉक्स खोलला तर हसू नका, असे होते.

चाकांचे नट मात्र याच वेळी व्हीलपान्याने तपासून घ्या, चारही चाकांचे. पंक्चर काढून आणल्यानंतर दोन-तीन दिवसांत नवा खटखट आवाज सुरू झाला असेल, तर बाकी सगळे राहू द्या आणि आधी नट पाहा. घाईत आवळलेले नट चालता चालता ढिले होतात. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने ते पुन्हा एकदा आवळायचे असतात. हे पंक्चरवाला सांगत नाही आणि आपण विचारत नाही. या एका आवाजाला उद्यापर्यंत थांबायची मुभा नाही.

आता गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन चालू करून हळूहळू रेस करा. आवाज इथेच आला, तर फार बरे झाले. चाके, बेअरिंगे, शाफ्ट, डिफरेन्शियल हे सगळे सुटले, कारण यातले काहीच फिरत नाही. राहिले इंजिन, त्याचे पट्टे, सायलेन्सर, आणि क्लच-गिअरबॉक्सचा पुढचा भाग. आता क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. उलट, क्लच सोडलेला असताना येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बघायचे. सकाळच्या गारठ्यात पहिल्याच सुरुवातीला चीं चीं करून पाच मिनिटांत बंद होत असेल, तर पट्टा. इंजिन बंद करून पट्टा बोटाने दाबून पाहा, आतल्या बाजूला भेगा पडल्यात का तेही पाहा.

इंजिनमधला आवाज नेमका शोधायला डॉक्टरसारखी नळी लागते. ती आपल्या घरी आहेच. ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरे टोक एकेका भागाजवळ न्या. जिथे आवाज एकदम मोठा होतो, ती जागा. पण फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून नळी, हात, गळ्यातला पंचा, पदर, ओढणी सगळे लांब ठेवा. लहान पोरांना तर बॉनेटजवळ येऊच देऊ नका.

उभ्या गाडीत आवाज आला नाही, तर तिला रस्त्यावर काढावे लागेल. सरळ, सपाट आणि मोकळा रस्ता निवडा, शक्यतो पहाटेचा. आपण चालवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवा. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते, शेजारच्याचे कान मोकळे असतात. हौद्यात मात्र कोणाला बसवून "ऐक रे कुठून येतंय" असे करू नका. एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा करा आणि त्याच्यासमोरून गाडी हळू न्या. तो बाहेरून ऐकून डावी-उजवी बाजू सांगतो. काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीला समांतर गाडी चालवली, तरी त्या बाजूचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्पष्ट होतो.

चाळीसच्या वेगाला आवाज आला, की क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा आणि गाडी आपल्या वेगाने जाऊ द्या. चावी बंद करायची नाही; बंद केली तर ब्रेक जड होतो आणि स्टेअरिंग लॉक होण्याची भीती असते. हा प्रयोग उतारावर किंवा घाटात तर मुळीच नको. इंजिनचा वेग पडला आणि आवाजही पडला, तर तो इंजिनच्या बाजूचा, किंवा ओढ पडल्यावरच येणारा. इंजिन शांत झाले तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकांचा, टायरचा, शाफ्टचा नाही तर डिफरेन्शियलचा. एवढ्या एका कृतीने अर्धी गाडी संशयातून सुटते.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज घोंघों असा असतो, वेगाबरोबर चढत जातो. गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो, डावीकडे वळवली की उजव्या. उजवीकडे घेताना घोंघों वाढत असेल, तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग खराब. टायरही असाच घोंघावतो, विशेषतः कमीजास्त झिजलेला टायर. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबर गुळगुळीत आले की मऊ होतो, खडीवर वेगळाच येतो. बेअरिंगला रस्त्याशी काही देणेघेणे नाही. शंका राहिली तर पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावून पाहा. आवाजानेही जागा बदलली, तर तो टायरचाच. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा, एकदम टेकवू नका. एकच हब जास्त तापले असेल, तर तिथले बेअरिंग तरी गेले किंवा ब्रेक तरी चिकटतो आहे.

चाकातून कर्कश घासल्याचा आवाज अचानक सुरू झाला, तर घाबरण्याआधी एक आठवा. कच्च्या रस्त्यावरून आलात का? ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये बारीक खडा अडकतो आणि कान किटवून सोडतो. गाडी चार हात मागे-पुढे केली की पुष्कळदा तो आपणच पडतो. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाजत असेल, तर मात्र तो खडा नव्हे. लायनर संपलेत. तशी गाडी माल भरून काढू नये.

आता खडूची कामगिरी. काही आवाज ठेक्यात येतात, टक... टक... टक. ते मोजता येतात. मागच्या टायरला खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजा. समजा ते दोन मीटर वीस सेंटिमीटर भरले. मग ताशी दहा किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला सव्वा फेरा घेते. तुमचा ठोका तेवढ्याच वेळा पडत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत. टायरमध्ये रुतलेला खिळा किंवा खडा, वाकलेली डिस्क, असे काहीतरी. मधला लांब शाफ्ट मात्र चाकापेक्षा खूप जास्त फिरतो. डिफरेन्शियलच्या दातांप्रमाणे चाकाच्या एका फेऱ्याला त्याचे साधारण चार-पाच फेरे होतात. म्हणून चालण्याच्या वेगाने जाताना चिमणीने भरभर चिवचिव करावी तसा आवाज येत असेल आणि वेग वाढला की तो मोजता येईनासा होत असेल, तर शाफ्टच्या क्रॉसकडे बघा. क्रॉस कोरडा पडला की असा चिवचिवतो. पुढे तो झिजला, की गाडी हलताना आणि मागे घेताना "टण्ण" असा एकच ठोका देतो.

इथे जुन्नर तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. टोमॅटोचे घर. हंगामात रोज नारायणगावच्या बाजाराची खेप. गाडी भरली की सीटखाली धडधड व्हायची. मिस्त्रीने मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलली. धडधड तशीच. मग त्याने डिफरेन्शियल खोलायचे काढले. ते काम खर्चाचे, शिवाय ऐन तोडणीत गाडी चार दिवस उभी राहणार. घरातली सून हिशेब लिहायला रोज गाडीबरोबर जायची. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, रिकामी येताना एकदाही वाजत नाही. भरून निघालो की शेतातनं रस्त्यावर चढतानाच धडधडतं. रस्त्याला लागून वेग घेतला की बंद."

"रोज?"

"रोज. मी क्रेटच्या वहीत फुली मारून ठेवलीय."

आबांनी वही नेऊन मिस्त्रीपुढे ठेवली. मिस्त्री माणूस प्रामाणिक. त्याने डिफरेन्शियलचा पाना खाली ठेवला. वेग वाढल्यावर थांबणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा नसतो, ते तर वेगाबरोबर ओरडत जाते. आणि फक्त भरलेली गाडी जागची हलतानाच वाजते, म्हणजे ओझ्याने जे बदलते तिथे काहीतरी आहे. काय बदलते? माल भरला की पाटे दबतात, पाटे दबले की मागचा आस चासीच्या जवळ येतो, आणि त्यामुळे लांब शाफ्टचा कल बदलतो. लांब चासीच्या पिकअपला हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये एका बेअरिंगवर टांगलेला असतो. ते बेअरिंग रबराच्या कड्यात बसवलेले असते. पहिल्या गिअरला पूर्ण ओढ पडली की शाफ्ट उसळी मारतो. ती उसळी त्या रबराने जिरवायची असते. या गाडीचे रबर फाटून लोंबत होते. चढावर ओढ पडली की शाफ्ट धडधडायचा, वेग घेतला आणि ओढ कमी झाली की सरळ चालायचा. डिफरेन्शियलला हात न लावता काम झाले, त्याच संध्याकाळी गाडी भरली.

शाफ्टबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ही खोट दुरुस्तीतूनच जन्मते. क्रॉसचा जॉइंट कलता फिरतो तेव्हा त्याची गती एकसारखी राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. एका टोकाच्या जॉइंटची ही ओढाताण दुसऱ्या टोकाच्या जॉइंटने भरून काढायची, अशी ती रचना असते, आणि त्यासाठी दोन्ही जॉइंट एकमेकांच्या ठराविक रेषेत बसावे लागतात. शाफ्ट दातेरी जोडातून ओढून काढला आणि बसवताना एक-दोन दात इकडेतिकडे झाला, की नव्या क्रॉसची गाडीही थरथरू लागते. म्हणून शाफ्ट उतरवण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला सांगा, आणि बसवताना ती रेघ जुळली की नाही ते स्वतः वाकून पाहा. क्रॉस बदलल्यानंतर नवा थरकाप सुरू झाला, तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आणि "टण्ण" आवाजाला कानाआड करू नका. "पाच महिने झाले, वाजतोय आणि चालतोय," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. क्रॉस पूर्ण तुटला की शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते. पुढचे टोक पडून रस्त्यात रुतले, तर धावती गाडी मागून उचलली जाऊ शकते. माळशेज घाटात मालाने भरलेल्या गाडीचे तसे झाले तर काय होईल, हे लिहायची गरज नाही. क्रॉसची किंमत त्यापुढे काहीच नाही.

पाट्यांचे आवाज त्या मानाने साधे. खड्ड्यात कुरकुर म्हणजे बुश किंवा शॅकल कोरडे. धप्प असा ठोका म्हणजे यू-बोल्ट सैल किंवा पाट्याचे एखादे पान तुटलेले. पाट्याच्या कडेला गंजाची ताजी तांबूस रेघ दिसली, तर तिथे चीर आहे का ते निरखून पाहा. गाडी उभी असताना एका बाजूला झुकलेली दिसत असेल, तर आवाजाची वाटही पाहू नका.

हे सगळे पाहायला गाडीखाली शिरावे लागते आणि तिथेच माणसे जीव गमावतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक चाक बदलण्यापुरता. खाली शिरायचे असेल, तर सपाट टणक जागा हवी, उरलेल्या चाकांना दगड हवेत आणि चासीखाली रुंद, जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे हवेत. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावू नका, ते ओझ्याने एकदम फुटतात. शाफ्ट हाताने हलवून पाहताना इंजिन बंद आणि चावी आपल्या खिशात. खाली गेलेल्याजवळ वर एक मोठा माणूस उभा असावा.

वहीत काय लिहायचे? फार नाही. तारीख, गाडी रिकामी की भरलेली, वेग किती, कोणता गिअर, सरळ की वळणावर, गार की तापलेली, पाऊस होता का. आठवडाभर लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर बदलला त्याच दिवशी ग्रीसही मारले, तर आवाज कशाने गेला ते कळणार नाही. आणि आपोआप थांबलेला आवाजही लिहून ठेवा. सैल झालेला पट्टा पडून गेला म्हणूनही खडखड थांबते. मिस्त्रीकडे जाताना ही वही न्या आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या. बेअरिंग हातात फिरवून पाहा. ते लोण्यासारखे फिरत असेल, तर खरे दुखणे अजून गाडीतच आहे.

जाता जाता, दसऱ्याची गोष्ट. त्या दिवशी आपण गाडी धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून तिची पूजा करतो. धुण्याच्या केंद्रावर जोराचे पाणी खालून मारले जाते. ते पाणी क्रॉसमध्ये, शॅकलमध्ये शिरते आणि ग्रीस धुऊन काढते. दसऱ्यानंतर आठ-पंधरा दिवसांत गाडी चिवचिवू लागते, त्याचे एक कारण हे असते. तेव्हा धुऊन झाले की त्याच दिवशी ग्रीसगन मागा. क्रॉसला, शॅकलला, जिथे जिथे निपल आहे तिथे जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत मारा. काही गाड्यांच्या क्रॉसला निपल नसतेच. तिथे ग्रीस मारता येत नाही, चिवचिव सुरू झाली की क्रॉस बदलावाच लागतो. आपल्या गाडीला निपल आहेत का आणि किती, हे आजच खाली वाकून मोजून ठेवा. माळ मग घाला.